पोरक्या पिल्लांचे पहिले आठ आठवडे

पावसाळ्याच्या दिवसांत जिन्याखालून, लाकडांच्या ढिगातून किंवा उभ्या मोटारीच्या पोटातून येणारा बारीक, चिरका आवाज तुम्ही कधी ना कधी ऐकला असेल. वाकून पाहावे तो मांजरीची तीन-चार पिल्ले एकमेकांच्या अंगावर पडून ओरडत असतात. डोळे मिटलेले, कान डोक्याला चिकटलेले आणि शेपटी उंदराच्या शेपटीएवढी. अशा वेळी आपल्यापैकी बहुतेकांचा हात आपोआप पुढे होतो. हा लेख त्या पुढे होणाऱ्या हातासाठी आहे.

मी सातवीत असताना माझाही हात असाच पुढे झाला होता. आमच्या कौलारू घराच्या पडवीत गोणपाटावर एक पिल्लू एकटेच ओरडत होते. मी ते उचलून घरात आणले. आईकडून वाटीभर गाईचे दूध मागून घेतले, पिल्लाला तान्ह्या बाळासारखे मांडीवर उताणे ठेवले आणि शाई भरण्याच्या ड्रॉपरने त्याच्या तोंडात दूध सोडले. थोडे दूध त्याच्या नाकातून बाहेर आले. रात्री त्याला एका खोक्यात ठेवून मी समाधानाने झोपलो. दुसऱ्या दिवशी त्याचे पोट टम्म फुगले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ते गार होऊन पडले होते. ‘त्याचे आयुष्यच तेवढे होते’ अशी घरच्यांनी माझी समजूत काढली. ती समजूत खरी नव्हती. त्या दोन दिवसांत मी एकूण पाच चुका केल्या होत्या, आणि त्यांतल्या प्रत्येक चुकीचे कारण शरीरशास्त्रात सापडते.

त्या चुका टाळण्याची संधी मला फार उशिरा, गेल्या पावसाळ्यात मिळाली. आमच्या इमारतीसमोरच्या रस्त्यावर एक मांजरी वाहनाखाली सापडून मेली. तिचे स्तन दुधाने भरलेले दिसत होते. म्हणजे जवळपास कुठेतरी पिल्ले असणार. शेजारच्या आठवीतल्या मुलीने संध्याकाळपर्यंत शोध घेतला आणि पाण्याच्या पंपाच्या खोलीमागे, जुन्या टायरांच्या ढिगात ती तिला सापडली. एक करडे, एक तिरंगी आणि एक काळे, सर्वांत लहान. तिच्या धाकट्या भावाला मांजराच्या लाळेतील एका प्रथिनाचे वावडे आहे. मांजर अंग चाटते, लाळ केसांवर वाळते, ती धुळीबरोबर हवेत उडते आणि मुलाला दमा सुरू होतो. त्यामुळे ती पिल्ले तिच्या घरी जाऊ शकत नव्हती. खोके आमच्या घरी आले. मात्र शाळा सुटल्यावरची पाळी तिने स्वतःकडे घेतली.

पोरके कोण, हे आधी ठरवा

‘मांजर पिल्लांना सात घरे दाखवते’ असे आपल्याकडे म्हणतात. सात हा आकडा बोलण्यातला असला, तरी त्यामागचे निरीक्षण अचूक आहे. जागेला वास येऊ लागला, पाणी शिरले, बोक्याचा किंवा कुत्र्याचा वावर दिसला, की मांजरी बिऱ्हाड हलवते. पण तिला तोंड एकच असते. मानेची कातडी दातांत हलकेच धरून ती एका वेळी एकच पिल्लू नेऊ शकते. म्हणजे स्थलांतर चालू असताना एखादे पिल्लू काही काळ एकटे पडलेले दिसणारच. शिवाय पिल्लांना पाजायचे तर तिला स्वतःला खावे लागते, आणि शिकारीला गेलेली आई तास-दोन तास परत येत नाही.

आता माझ्या पडवीतल्या पिल्लाकडे पुन्हा पाहा. ते गोणपाटावर एकटे होते, कोरडे होते, स्वच्छ होते. त्याची आई बहुधा आधीचे पिल्लू पोचवून त्याला न्यायला परत येत होती. ही माझी पहिली चूक.

म्हणून पिल्ले दिसली की लगेच उचलू नका. अंग उबदार, केस स्वच्छ, पोट गोल आणि पिल्ले शांत झोपलेली असतील, तर आई आहे असे समजावे. लांब उभे राहून, आपण तिला दिसणार नाही असे, दोन-चार तास लक्ष ठेवावे. जागा धोक्याची असेल, म्हणजे पाणी चढत असेल किंवा वाहने येत असतील, तर पिल्ले तिथून जवळच्याच कोरड्या आडोशाला ठेवावीत. आई हाक ऐकून ती शोधून काढते. माणसाचा हात लागला की मांजरी पिल्लाला टाकते, ही समजूत चुकीची आहे.

आईची बरोबरी कोणी करू शकत नाही, याचे एक कारण तिच्या पहिल्या दुधात आहे. त्या दुधात रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे असतात. नवजात पिल्लाच्या आतड्याचे अस्तर ही प्रतिपिंडे जशीच्या तशी रक्तात सोडते. पण ही वाट जन्मानंतर एका दिवसाच्या आतच बंद होते. ज्याला पहिले दूध मिळाले नाही, ते पिल्लू पुढे कितीही चांगले पोसले तरी काही आठवडे रोगांपुढे उघडे राहते.

आधी ऊब, मग दूध

आई नाही याची खात्री झाल्यावर पहिले काम कोणते? दूध पाजणे, असे तुम्ही म्हणाल. उत्तर चूक आहे. पहिले काम ऊब देणे.

थोडे गणित करू. मोठे मांजर सुमारे ४ किलो वजनाचे असते आणि आठवड्याचे पिल्लू सुमारे १५० ग्रॅम. म्हणजे मांजर पिल्लाच्या जवळजवळ २७ पट जड. २७ चे घनमूळ ३. तेव्हा मांजराची लांबी-रुंदी पिल्लाच्या ३ पट आणि कातडीचे क्षेत्रफळ ९ पट. उष्णता तयार करणारे शरीर २७ पट, पण उष्णता बाहेर घालवणारी कातडी फक्त ९ पट! उलट बाजूने पाहिले तर दर ग्रॅममागे पिल्लाची कातडी तिप्पट आहे. म्हणून ते तिप्पट लवकर गार होते. त्यात पहिल्या आठवड्यात त्याला कुडकुडताही येत नाही. कुडकुडणे म्हणजे स्नायू भराभर आखडून उष्णता तयार करणे. त्याची मज्जासंस्था अजून त्यासाठी तयार झालेली नसते. मोठ्या मांजराचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते, तर नवजात पिल्लाचे त्याहून दोन-तीन अंशांनी कमी. आई आणि भावंडे हीच त्याची शेगडी.

शरीर गार पडले की आतड्यांची हालचाल मंदावते. अशा वेळी पोटात गेलेले दूध पुढे सरकत नाही. ते तिथेच राहते, आंबते, वायू धरतो आणि पोट फुगते. माझ्या पिल्लाचे पोट टम्म झाले, याचे एक कारण हे. गार पिल्लाला दूध पाजणे ही माझी दुसरी चूक.

आम्ही काय केले ते सांगतो. खोक्यात टॉवेल पसरला. कोमट-गरम पाण्याची पिशवी दुसऱ्या टॉवेलात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवली. एकाच बाजूला अशासाठी, की जास्त गरम वाटले तर पिल्लाला रांगत दूर जाता आले पाहिजे. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या जागेचे तापमान ३० अंशांच्या आसपास असावे. पुढे दर आठवड्याला थोडे कमी केले तरी चालते. सर्वांत लहान काळे पिल्लू तोंडात बोट घातले तर आतूनही गार लागत होते. त्याला छातीशी धरून बसावे लागले. त्याच्या तोंडात ऊब यायला दीड तास लागला. तोवर त्याला एक थेंबही पाजला नाही, आणि ते ओरडत असताना न पाजणे हेच त्या दिवसाचे सर्वांत अवघड काम होते.

बुंगे यांचे कोष्टक

आता दूध. पण कोणाचे?

गुस्टाव्ह फॉन बुंगे या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक साधा प्रश्न विचारला होता : जन्माच्या वेळचे वजन दुप्पट व्हायला प्रत्येक प्राण्याच्या पिल्लाला किती दिवस लागतात? माणसाच्या बाळाला पाच-सहा महिने, गाईच्या वासराला सुमारे दीड महिना, आणि मांजरीच्या पिल्लाला अवघे नऊ-दहा दिवस. मग त्याने त्या त्या आईच्या दुधातील प्रथिने मोजली. माणसाच्या दुधात दीड टक्का, गाईच्या दुधात साडेतीन टक्के, मांजरीच्या दुधात सुमारे सात टक्के! जितकी वाढ वेगवान, तितके दुधात बांधकामाचे सामान जास्त. प्रत्येक आईचे दूध हे तिच्या पिल्लाच्या घाईप्रमाणे बनलेले असते.

म्हणजे गाईच्या दुधावर ठेवलेले पिल्लू अर्धपोटी राहते. अधिक पाजून ही तूट भरून काढावी म्हटले, तर पाणी आणि दुग्धशर्करा नको तितकी पोटात जाते, हगवण लागते आणि एवढ्याशा देहातले पाणी काही तासांत कमी होते. ही माझी तिसरी चूक. मांजरीच्या दुधासारखी बनवलेली दुधाची भुकटी आता पशुवैद्याकडे आणि प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात मिळते. ती उकळून निववलेल्या पाण्यात, डब्यावर दिलेल्या प्रमाणातच कालवावी, आणि मनगटावर थेंब टाकून कोमट आहे ना ते पाहावे.

किती पाजावे? साधारण हिशेब असा, की १०० ग्रॅम वजनाला दिवसाकाठी २० मिलिलिटर. आमचे काळे पिल्लू १३० ग्रॅमचे होते. त्याला दिवसभरात २६ मिलिलिटर. पण १०० ग्रॅमच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी ४ मिलिलिटरच्या आसपासच मावते. म्हणून २६ मिलिलिटर सात-आठ वेळा विभागून द्यावे लागते. म्हणजे दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा. आम्ही घरातल्या तिघांनी घड्याळाचा गजर लावून रात्रीच्या पाळ्या वाटून घेतल्या. अनाथ पिल्लू सांभाळायचे म्हणजे काय, हे पहाटे तीन वाजता नीट कळते.

पोटावर पालथे

माणसाच्या बाळाला आपण मांडीवर उताणे घेऊन पाजतो. मांजरीचे पिल्लू आईजवळ कसे पिते ते आठवा. पालथे पडून, पुढचे पाय स्तनावर दाबत, मान किंचित वर करून. त्याच स्थितीत त्याची अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्या वाटा नीट राहतात. उताण्या पिल्लाच्या तोंडात दूध सोडले की ते श्वासनलिकेत उतरते. नाकातून दूध येणे ही त्याची खूण. फुप्फुसात गेलेल्या दुधाने न्यूमोनिया होतो. ही चौथी चूक.

पिल्लाला टॉवेलावर पालथे ठेवून बाटलीचे बारीक बूच किंवा सुई काढलेली पिचकारी त्याच्या ओठांशी धरावी. त्याने चोखावे, आपण ढकलू नये.

पाचवी चूक सर्वांत चमत्कारिक वाटेल. पहिले तीन आठवडे मांजरीच्या पिल्लाला आपण होऊन लघवी किंवा शी करता येत नाही. आई त्याच्या शेपटीखालचा भाग चाटते, त्या स्पर्शाने प्रतिक्षिप्त क्रिया सुरू होते आणि मग मूत्राशय रिकामे होते. आई ते चाटून टाकते, त्यामुळे जागा स्वच्छ राहते आणि शत्रूला वास लागत नाही. किती हुशार योजना! पण आई नसेल तर? कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने, प्रत्येक वेळी पाजण्याच्या आधी किंवा नंतर, तो भाग हलकेच पुसावा. मी सातवीत असताना हे जाणत नव्हतो. घरात कोणीच जाणत नव्हते.

वजनकाटा काय सांगतो

शेजारच्या मुलीने शंभर पानी वही घातली आणि रोज सकाळी, पहिल्या दुधाआधी, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर भांडे ठेवून प्रत्येक पिल्लाचे वजन लिहायला सुरुवात केली. निरोगी पिल्लू दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम वाढते. पहिल्या दिवशीच्या नोंदी अशा होत्या : करडे १९०, तिरंगी १७५, काळे १३०.

पाचव्या दिवसापर्यंत सर्व ठीक चालले. काळे पिल्लू १६२ ग्रॅमवर आले. सहाव्या दिवशी १६२. सातव्या दिवशी १५८. दिसायला ते तसेच होते. दूध पीत होते, ओरडत होते. मी म्हणालो, “एखादा दिवस थांबून पाहू.” ती म्हणाली, “काका, बाकीची दोन्ही चोवीस-चोवीस ग्रॅमने वाढली आहेत.”

तिचे बरोबर होते. आम्ही त्याच सकाळी पशुवैद्याकडे गेलो. त्यांनी मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली; ती लगेच जागेवर न जाता हळू गेली. शरीरातले पाणी कमी झाले होते. त्यांनी कातडीखाली सुईने क्षारयुक्त पाणी दिले, विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि जंतांचे औषध मोजून दिले. दूध थोडे-थोडे, पण दर दोन तासांनी द्यायला सांगितले. दोन रात्री आम्हाला खात्री नव्हती. नवव्या दिवशी वहीत आकडा आला : १६६.

अशा लहान पिल्लांचा तोल फार लवकर जातो. सगळे नीट केले तरी काही पिल्ले वाचत नाहीत, हेही तुम्हाला सांगून ठेवले पाहिजे. पण डोळ्यांना दिसण्याआधी एक-दोन दिवस वजनकाट्याला कळते, आणि त्या एक-दोन दिवसांतच उपचार करता येतात.

एक इशारा. मनाने औषध देऊ नका. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी माणसाला चालते, मांजराचा मात्र प्राण घेते. कारण या औषधाचा निचरा करणारी यकृतातील यंत्रणा मांजरात फार दुबळी असते. कुत्र्याच्या पिसवांवरच्या काही औषधांत परमेथ्रिन असते. तेही मांजराला विषारी आहे. पिसवा मात्र काढल्याच पाहिजेत, कारण एवढ्याशा पिल्लाचे रक्त शोषून त्या त्याला पंडुरोग करू शकतात. बारीक दातांची फणी आणि साबणाच्या पाण्याची वाटी हा पहिल्या आठवड्यांतला सुरक्षित उपाय.

डोळे, दात आणि पाय

आता वहीची पाने जरा भराभर उलटू. सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान डोळे उघडतात. ते कधीही बोटाने उघडू नयेत. सर्व पिल्लांचे डोळे आधी निळेच दिसतात. खरा रंग सहा-आठ आठवड्यांनी ठरतो. त्याच सुमारास कानाच्या वाटा मोकळ्या होतात. तिसऱ्या आठवड्यात पुढचे दात हिरडीतून डोकावतात आणि पिल्लू डुलत डुलत चालू लागते. चौथ्या आठवड्यात ते आपोआप माती उकरू लागते. आम्ही उथळ ताटलीत बारीक वाळू घालून ठेवली, त्यावर त्यांना पुसलेला कापूस ठेवला, आणि दोन दिवसांत तिघेही तिथे जाऊ लागली. सहा-सात आठवड्यांपर्यंत, उंचावरून पडताना हवेत वळून पायांवर उतरण्याची कलाही येते. पॅरिसच्या एत्येन-ज्यूल मारे याने १८९४ मध्ये भराभर छायाचित्रे घेऊन मांजर हे कसे साधते ते प्रथम दाखवले. हा प्रयोग तुम्ही करू नये!

‘तिरंगी पिल्लू मादीच असणार,’ असे मी पहिल्याच दिवशी सांगितले तेव्हा मुलीला नवल वाटले. मांजराचा तांबूस रंग ठरवणारे जनुक क्ष गुणसूत्रावर असते. नराकडे क्ष गुणसूत्र एकच. म्हणून तो तांबूस तरी असतो किंवा काळा-करडा तरी. मादीकडे दोन. तिच्या प्रत्येक पेशीत त्यांपैकी एकच जागे राहते, दुसरे झोपी जाते. म्हणून अंगाच्या एका भागात काळा रंग आणि दुसऱ्यात तांबूस अशी गोधडी तयार होते. ही कल्पना मेरी लायन या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईंनी १९६१ मध्ये उंदरांच्या अभ्यासातून मांडली. तांबूस रंगाचे नेमके जनुक मात्र थेट २०२५ मध्ये जपानी आणि अमेरिकन संशोधकांनी प्रसिद्ध केले. तिरंगी बोका फार क्वचित, गुणसूत्रांत काही गफलत झाली तरच जन्मतो.

दूध-भात का पुरत नाही

चौथ्या आठवड्यापासून दुधाबरोबर घट्ट अन्न सुरू करता येते. आपल्या घरांत मांजराला दूध-भात किंवा दूध-पोळी घालण्याची रीत आहे. मायेने घातलेले ते अन्न पिल्लाला पुरत नाही. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नावाचे एक द्रव्य माणसाचे शरीर स्वतः बनवते. मांजराला ते पुरेसे बनवता येत नाही आणि ते मांस-मासळीतूनच मिळवावे लागते. टॉरिन मिळाले नाही तर मांजराचे दृष्टिपटल झिजते, हे १९७५ मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले. हृदयाचे स्नायूही दुबळे होतात, हे १९८७ मध्ये कळले. म्हणून पिल्लांसाठी बनवलेले तयार खाद्य, किंवा पशुवैद्याच्या सल्ल्याने हाडे-काटे काढलेले, मीठ-मसाला नसलेले उकडलेले चिकन-मासे द्यावेत. कांदा-लसूण बिलकूल नको. त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. शाकाहारी घरात हे जमत नसेल, तर आधीच तसे सांगून पिल्लू दुसऱ्याकडे सोपवावे. त्यात कमीपणा नाही.

माणसाळण्याची खिडकी

मेंदूच्या वाढीत काही खिडक्या ठराविक काळच उघड्या असतात. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझेल यांनी १९६३ मध्ये मांजरीच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवले, की जन्मानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत एक डोळा बंद राहिला, तर पुढे तो उघडूनही मेंदू त्या डोळ्याने पाहायला शिकत नाही. पिल्लांच्या वाट्याला तो प्रयोग कठोर होता. पण त्यामुळे तिरळ्या डोळ्यांच्या आणि जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळांवर लवकर उपचार करावेत हे डॉक्टरांना कळले. १९८१ मध्ये त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाशी मैत्री करण्याचीही अशीच एक खिडकी आहे. ती साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत उघडी असते. या काळात रोज माणसांनी हाताळलेले पिल्लू मोठेपणी माणसाजवळ येते. या काळात माणूस न पाहिलेले पिल्लू पुढे भेदरते, फिसकारते. म्हणून या दिवसांत पिल्लांना रोज जवळ घ्यावे, तेही एकाच माणसाने नव्हे. आमच्याकडे दूधवाल्यापासून पेपरवाल्यापर्यंत सर्वांनी त्यांना हातावर घेतले. मिक्सरचा, कुकरच्या शिट्टीचा आवाज लांबून ऐकवला. पण बोटाशी खेळू दिले नाही. आज गुदगुल्या करणारे दात सहा महिन्यांनी रक्त काढतात. खेळायला दोरीला बांधलेला कागदाचा बोळा पुरतो. शक्यतो पिल्लू एकटे वाढवू नये. किती जोरात चावले की दुसऱ्याला दुखते, हे त्याला भावंडेच शिकवतात.

आणि तुमची स्वतःची काळजी

पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुवा. त्यांच्या अंगावर केस गेलेले गोल चट्टे दिसले तर तो नायटा असू शकतो आणि तो माणसाला होतो. घरात गरोदर बाई असेल तर मांजराच्या विष्ठेची वाळू तिने साफ करू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोकाट मांजर, मग ते पिल्लू का असेना, चावले किंवा त्याने बोचकारले, तर ती गोष्ट घरात लपवू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीज झाल्यावर त्यावर उपाय नाही. होण्याआधी लस आहे.

पिल्लांनाही लसी लागतात. पहिली सहा ते आठ आठवड्यांची झाल्यावर, आणि मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, सोळा आठवड्यांपर्यंत. पुन्हापुन्हा का? आईच्या दुधातून आलेली प्रतिपिंडे रक्तात असतील तोवर ती लसीचा परिणाम होऊ देत नाहीत. आणि ती नेमकी कधी संपतात हे प्रत्येक पिल्लाचे वेगळे असते. रेबीजची लस बारा आठवड्यांच्या सुमारास देतात.

नवे घर

आठ आठवडे पूर्ण झाले तेव्हा वहीत आकडे होते : करडे ९६०, तिरंगी ९१०, काळे ७९०. पिल्लू स्वतः खाऊ लागले, वाळूत जाऊ लागले आणि किलोच्या आसपास आले, की ते दुसऱ्या घरी जाऊ शकते. त्याआधी देऊ नये, आणि ‘कोणीतरी नेईल’ म्हणून बाजारात किंवा देवळापाशी तर कधीच सोडू नये.

येणाऱ्या प्रत्येकाला मुलीने चार प्रश्न विचारले. घरातल्या सर्वांची संमती आहे का? वरच्या मजल्यावर राहत असाल तर खिडक्यांना जाळी आहे का? गावाला गेलात तर कोण पाहील? आणि पाच महिन्यांचे व्हायच्या आत शस्त्रक्रिया करून घ्याल का? मादी चार-पाच महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते. टायरांच्या ढिगातली गोष्ट पुन्हा घडू नये, याचा दुसरा कोणताही उपाय नाही. मुंबईत परळला १८८० च्या दशकापासून प्राण्यांचे रुग्णालय आहे. आता अनेक शहरांत सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आणि प्राणिमित्र संस्था ही शस्त्रक्रिया कमी खर्चात करतात.

दोघांना आम्ही नाही म्हटले. एकांना उंदरांसाठी बाहेर बांधून ठेवायचे मांजर हवे होते. दुसऱ्यांना वाढदिवसाची भेट द्यायची होती. करडे आणि तिरंगी एकाच घरी जोडीने गेली. काळे एका निवृत्त शिक्षक पतिपत्नींकडे गेले. त्या संध्याकाळी मुलगी रिकाम्या खोक्यापाशी बराच वेळ बसली होती. “काकू, एक तरी तुम्ही ठेवायला हवे होते,” ती म्हणाली. काकूंनाही तसेच वाटत होते. पण ज्या घरात तीन मांजरे कायमची राहिली, त्या घरात पुढच्या पोरक्या खोक्याला जागा राहत नाही.

ती वही तिने आपल्याकडेच ठेवली. या वर्षी मार्चमध्ये, उन्हे तापू लागली तेव्हा, एका दुपारी आमची घंटा वाजली. दारात ती उभी होती, हातात टॉवेलाने झाकलेले बुटांचे खोके. आत किती आहेत, हे मी विचारण्याआधीच तिने विचारले :

“काका, वजनकाटा कुठे आहे? आणि आधी पाणी गरम करायला ठेवा.”

करून पाहा

१. एका मादीला वर्षातून दोनदा प्रत्येकी चार पिल्ले झाली, त्यांतली निम्मी मादी असली आणि सर्व जगली असे समजा. प्रत्येक मादी एक वर्षाची झाली की तिलाही वर्षातून दोनदा पिल्ले होतात. तीन वर्षांनंतर एकूण मांजरे किती? प्रत्यक्षात ती तेवढी का दिसत नाहीत?

२. लेखातले २७, ९ आणि ३ यांचे गणित हत्ती आणि उंदीर यांना लावा. उंदराला सतत का खावे लागते?

३. तुमच्या आळीतल्या तांबूस मांजरांची आणि तिरंगी मांजरांची नोंद ठेवा. त्यांत बोके किती आणि माद्या किती? महिनाभराने आकडे वर्गात ताडून पाहा.